पाणी न शिरणारी गिटार

गिटार विकायची असेल तर ती आधी रंगवू नये. रंगवायचीच झाली तर होड्या रंगवणाऱ्या माणसाकडे देऊ नये. आणि दिलीच, तर निदान तिथे उभं राहावं. शाळेत ऑडिट आहे म्हणून निघून जाऊ नये. एवढं मला कुणी दिवाळीआधी सांगितलं असतं तर पुढचा सगळा घोटाळा टळला असता. आमच्या चौलात न मागता सल्ला देणारी माणसं वाडीतल्या सुपाऱ्यांइतकी आहेत, पण हवा तो सल्ला हव्या त्या वेळी एकाकडेही नसतो.

मी दयाराम घरत. हायस्कुलात हेडक्लार्क आहे, त्यामुळे गाव मला भाऊसाहेब म्हणतं. माझ्याकडे एक इलेक्ट्रिक गिटार होती. साधी नव्हे, सेमी-हॉलो. म्हणजे मधोमध भरीव लाकूड, दोन्ही कुशींना पोकळ, आणि त्या पोकळीतून आवाज बाहेर यावा म्हणून वरच्या फळीला दोन लांबट, नागमोडी भोकं. बाबाजी, म्हणजे आमचे शेजारी, तलाठी कार्यालयातून निवृत्त झाले आहेत. त्यांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अर्धी पोकळ हाय तर अर्ध्याच किमतीला घेतली असशील."

मी ती पूर्ण किमतीला घेतली होती. बावीस वर्षांपूर्वी अलिबागच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्रातल्या वादकाकडून. तेवढे पैसे नव्हते म्हणून विनिताची, म्हणजे माझ्या बायकोची, माहेरून आलेली बाजाची पेटी विकली. लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. घरात दोन वाद्यांना जागा नाही, असं मी कारण दिलं. विनिता त्यावर एक शब्दही बोलली नाही. पुढे बावीस वर्षं बोलली नाही. ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना हे न बोलणं किती मोठ्यानं ऐकू येतं ते ठाऊक असेल.

मला गिटारवर दीड गाणं येतं. पहिलं पूर्ण येतं आणि दुसऱ्याच्या कडव्यापाशी बोटं अडतात. गेली आठ वर्षं मी तेवढंही वाजवलेलं नाही. पण मी तिची देखभाल मात्र केली, आणि देखभालीच्या नादात तिच्यात बरेच बदल झाले. समुद्राच्या खाऱ्या हवेनं तारांचा आवाज पकडणाऱ्या डब्या गंजल्या. रेवदंड्याच्या बाजारात मोबाइल आणि होड्यांचे वायरलेस दुरुस्त करणारा उझैर आहे, त्यानं त्या जागी कुठून तरी दुसऱ्या डब्या आणून बसवल्या. तारा पिळायची एक खुंटी तुटली, तिथे त्यानं पितळेची घडवून घातली. आवाज कमी-जास्त करायचं बटण हरवलं, तेव्हा मी आमच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरचं काढून लावलं. त्यामुळे माझ्या गिटारवर एक, दोन, तीन असे वेग लिहिलेले होते, आणि विनिता तेव्हापासून मिक्सर पक्कडीनं फिरवत होती.

तर, विकायची का? विनिता गावातल्या महिला भजनी मंडळात आहे. दत्तजयंतीच्या जत्रेत यंदा भजनाची स्पर्धा होती. मंडळ आजवर त्यातल्याच नीराबाईंच्या दिरांच्या पेटीवर चालत आलं होतं. दीर दसऱ्याला आले आणि पेटी मुंबईला घेऊन गेले. त्या दिवशी विनिता घरी येऊन नुसती म्हणाली, "आता टाळ्या वाजवून म्हणायची भजनं." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मी ठरवलं, गिटार विकायची, नवी पेटी आणायची आणि काही न बोलता तिच्यापुढे ठेवायची. न बोलण्याचं उत्तर न बोलण्यानं, असा माझा विचार होता. अलिबागच्या दुकानात सोळा हजारांची पेटी बघूनही ठेवली. घरात मात्र मी एवढंच जाहीर केलं की आपण आता अडगळ काढतोय.

विनिताला आनंद व्हायला हवा होता. ती म्हणाली, "कशाला हो? असू दे की कोपऱ्यात."

मी चक्रावलो. गेली बावीस वर्षं केर काढताना झाडू जिला मुद्दाम आपटत होता, ती असू दे? मला वाटलं, माणसाच्या मनाचा थांग लागत नाही हेच खरं. मी थोडा सुखावलोही.

बाबाजींनी पहिला सल्ला दिला. "विकायची वस्तू कशी चकचकीत पायजे. मी म्हैस विकली तवा आदल्या दिवशी शिंगांना तेल चोपडलं. गिऱ्हाईक शिंगंच बघत बसलं, दूध किती देते कुनी विचारलंच न्हाय." गिटारचा रंग जागोजागी पोपडे धरून उडाला होता. म्हणून मी ती बंदरावर हिरामणकडे नेली. हिरामण होड्या रंगवतो. त्याचा रंग दर्यात टिकतो, तर माझ्या हॉलमध्ये टिकायला काय हरकत होती?

संध्याकाळी ऑडिट आटोपून गेलो तेव्हा गिटार वाळूत दोन ओंडक्यांवर उताणी वाळत पडली होती. गडद निळी, कडेनं केशरी पट्टा. फळी एकसारखी गुळगुळीत दिसत होती. जरा जास्तच गुळगुळीत.

"हिरामण, हिची भोकं कुठायत?"

"बुजवली," हिरामण अभिमानानं म्हणाला. "भाऊसाहेब, लाकडाला ही एवढाली दोन भोकां, आनि तू सांगतंस वरशी रंग मार? रंग मारून काय फायदा? पानी शिरंल ना! आत कापूस ठासला, वरशी होडीच्या भेगा बुजवतात ती लांबी मारली, दोन हात. आता एक थेंब शिरला तर माझा नाव बदल."

"अरे, पण ही पाण्यात जाणार नाहीये!"

"आज न्हाय जात," हिरामण म्हणाला. "वेळ काय सांगून येते?"

शिवाय त्यानं सवयीनं पुढच्या बाजूला पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत नोंदणी क्रमांकही रंगवला होता. तो त्याच्या मेव्हण्याच्या होडीचा होता. "रिकामा बरा दिसत नव्हता," असं त्याचं म्हणणं.

घरी विनितानं गिटार बघितली आणि गुळगुळीत फळीवरून बोट फिरवलं.

"भोकं?"

"बुजवली."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मग ती लांबी काढता येईल ना हो?"

"हिरामण म्हणतो, दोन पावसाळे हलणार नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी सांगतो, मला गलबलून आलं. माझ्या दीड गाण्यावर या बाईनं मनातल्या मनात इतकं प्रेम केलं आणि मला कधी कळलं नाही! दोन दिवसांनी दुपारी अचानक घरी आलो, तर ती गिटार मांडीवर घेऊन स्वेटरच्या सुईनं लांबी कोरत होती. मला बघून दचकली आणि म्हणाली, "धूळ काढत होते." मी तसाच परत शाळेत गेलो. वाटेत दोनदा डोळे पुसले.

जाहिरात आमच्या मुलीनं, प्राप्तीनं, मोबाइलवर टाकली. ती अलिबागला कॉलेजात आहे आणि तिला सगळं येतं. "सेमी-हॉलो, मॉडिफाइड, एकहाती वापर," असं तिनं लिहिलं. बाबाजी खांद्यावरून बघत होते. "वॉटरप्रूफ घाल," म्हणाले. "खोटं थोडंच हाय?" प्राप्तीनं घातलं. त्यानंतर आलेल्या पहिल्या फोनवर एका गृहस्थानं तिला मोटर बसते का असं विचारलं. दुसऱ्यानं किती माणसं बसतात ते विचारलं. त्यानं फक्त फोटो बघितला होता.

खऱ्या गिऱ्हाइकांचं काय झालं ते मला उशिरा कळलं. मी आंघोळीला गेलो की फोन विनिता घ्यायची. एकाला तिनं सांगितलं की गिटार विकली गेली. दुसऱ्याला सांगितलं की तिला वाळवी लागलीय. एकदा जाहिरातच गायब झाली. प्राप्ती म्हणाली, आईनं काढायला लावली, म्हणे पप्पांचा जीव आहे तिच्यात. माझा जीव नेमका कशात आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, मीच काय तो गोंधळलेला होतो.

वाळवीला न घाबरलेला एकच निघाला, पनवेलचा अल्पेश. तो बँडमध्ये वाजवतो. फोनवर त्यानं मला डब्यांची जात, मानेचं लाकूड, आणखी काय काय विचारलं. त्यातलं निम्मं मला कळलं नाही, म्हणून मी सगळ्याला होय म्हटलं. मग तो म्हणाला, "काका, जरा हलवून बघा ना, आत काय लूज नाय ना?"

मी हलवली. आतून खसखस असा आवाज आला.

"झुरळं," बाबाजी म्हणाले.

उझैरला दाखवली. त्यानं कानाला लावली. "भाऊसाहेब, वायर नाय ही. मेरी वायर ऐसा आवाज करतच नाय. कापूस असंल हिरामणचा." मग तारा छेडून म्हणाला, "आवाज पण दबलाय. पोटात कायतरी भरल्यासारखा. पण सच बोलू? दो-तीन साल से ऐसाच येतोय." मी ते मनावर घेतलं नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीचा तिचा आवाज मला आठवतच नव्हता.

अल्पेशनं तरीही अठरा हजार कबूल केले. पार्सलनं पाठवा म्हणाला. मी गिटार गोधडीत गुंडाळून पार्सलच्या कचेरीत नेली. तिथल्या माणसानं गोधडी उघडली, क्रमांक वाचला आणि हात मागे घेतला. "बोटीचा भाग आहे. दाखला लागेल."

"ही गिटार आहे."

"नंबर बोटीचा आहे."

दाखल्याच्या कचेरीतला कारकून मनानं चांगला होता. त्यानं मला एक फॉर्म दिला आणि मी तो मुकाट्यानं भरला. नौकेची लांबी: साडेतीन फूट. इंजिन: नाही. खलाशी: एक. 'वल्ही' या रकान्यापाशी मी अडलो, तेव्हा त्यानं स्वतःच गिटारच्या मानेकडे बघून 'एक' लिहिलं. मग म्हणाला, "सगळं बरोबर आहे. फक्त या नंबरची मूळ नौका तपासणीला हजर करा." मूळ नौका हिरामणच्या मेव्हण्याला घेऊन समुद्रात गेली होती आणि कधी येईल ते माशांवर अवलंबून होतं. मी स्वतः कारकून आहे. त्याच्या जागी मीही हेच केलं असतं, त्यामुळे मला नीट रागावताही येईना.

शेवटी अल्पेशच म्हणाला, "काका, रविवारी मी येतोच आहे. तुमच्या गावच्या पूजेला. सोनूबाई माझी मावशी." दत्तजयंतीला तेव्हा तीन आठवडे उरले होते.

दिवाळीनंतर गावदेवीच्या देवळात सार्वजनिक सत्यनारायण असतो. पूजा झाली की महाप्रसादाआधी लिलाव होतो. पूजेपुढे ठेवलेला नारळ, केळीचा घड, भोपळा, लिंबू अशा वस्तू पुकारल्या जातात, गाव बोली लावतं आणि पैसे देवळाला जातात. हा लिलाव वस्तूंचा नसून मानाचा असतो. गेल्या वर्षी एक लिंबू दोन साडूंच्या भांडणात एकवीसशे रुपयांना गेलं होतं. पुकारायचं काम सदाकडे असतं, कारण तो रोज पहाटे बंदरावर माशांचा लिलाव पुकारतो. ज्याची बोली सगळ्यांत मोठी, त्या जोडप्याला पुढल्या वर्षी पूजेला बसायचा मान.

अल्पेश अकरापर्यंत देवळात येणार होता. विनिता सकाळीच महाप्रसादाच्या पोळ्यांना गेली होती. मी गिटार घेऊन निघालो, तर बाबाजी दारात आडवे आले. "विकायला काढलेली वस्तू आधी देवापुढे ठेवावी. म्हैस पन मी ठेवली होती." म्हैस देवापुढे कशी ठेवली हे विचारायला वेळ नव्हता. त्यांनी स्वतः गिटारला हळदकुंकू लावलं, मानेला झेंडूची माळ घातली आणि चौरंगाच्या बाजूला, भोपळ्याशेजारी, नीट उभी करून ठेवली. मी हात जोडले. पंक्तीची पानं मांडायला माणसं कमी होती, म्हणून मी तिकडे गेलो. अल्पेशचा फोन आला की तो वडखळला गाड्यांच्या रांगेत अडकलाय.

मी पानं मांडत असताना कर्ण्यातून सदाचा आवाज आला. घड गेला, नारळ गेला, भोपळा गेला. मग तो जरा थांबला.

"आता ही... ही निळी वस्तू. होडीवानी हाय, पन हाय मोठी झकास! आज सकालीच आलीय, एकदम ताजी! बोला, कोन बोलतो एकशे एक?"

मी पळत सभामंडपात गेलो. गर्दीतून वाट काढत बाबाजींजवळ पोचलो. "बाबाजी, सांगा त्याला! ही माझी आहे, विकायची आहे!"

"आता कसं सांगनार?" बाबाजी शांतपणे म्हणाले. "हळदकुंकू लागलं, माळ घातली, लिलावात पुकारली. आता ती देवीची झाली. देवापुढची वस्तू मागं घेतात का? तूच हेडक्लार्क, तूच असा बोलतोस?"

"पण तुम्हीच ठेवायला लावलीत!"

"ठेव म्हटलं. उचलायची आठवन तू ठेवायला नको?"

पाचशे एक झाले होते. मी भराभर हिशेब केला. अल्पेशचे अठरा, पेटीचे सोळा; मधल्या दोन हजारांत गिटार परत मिळाली तर अजूनही सगळं जमत होतं. पण स्वतःचीच वस्तू सोडवायला स्वतः बोली कशी लावायची? गाव वर्षभर हसलं असतं. म्हणून मी खांबाआड बसलो आणि बाबाजींना पुढे केलं. मी त्यांच्या कोपराला चिमटा काढला की त्यांनी बोली वाढवायची, असं ठरलं.

"एक हजार एक," बाबाजी ओरडले.

"बायामंडळींकडून पंधराशे एक!" सदा ओरडला.

खांबाआडून मला बायकांची बाजू दिसत नव्हती. कोण असेल? मी चिमटा काढला. दोन हजार एक. तिकडून अडीच. इथून पुढे माझ्या पेटीचा भाता फाटायला लागला, मला ते समजतही होतं, पण लिलावात माणसाचं डोकं चालत नाही, हात चालतो. माझी बावीस वर्षांची गिटार कुणीतरी बाई ओढून नेतेय आणि मी खांबाआड बसलोय, हे मला सहन होईना. चार हजार. तिकडून पाच. सहा. तिकडून सात. गाव उठून उभं राहिलं. सदाला तर अवसान चढलं होतं. "पापलेटला असा भाव न्हाय आला कधी!" तो म्हणाला.

साडेनऊ हजार एकला बाबाजी वळले. "दयाराम, माझा कोपर सुजला."

"बायामंडळींकडून दहा हजार एक! एकवार! दोनवार! तीनवार!" कर्णा कडकडला. "विनितावहिनी घरत! फुडल्या साली पूजेचा मान विनितावहिनी आनि आपले भाऊसाहेब!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी मला खांबाआडून ओढून काढलं आणि खांद्यावर शाल टाकली. समोर विनिता उभी होती, दोन्ही हातांनी निळी गिटार छातीशी धरून, घामाघूम. मला काहीही कळत नव्हतं, पण माझा ऊर भरून आला होता. माझ्या संगीतासाठी या बाईनं भर देवळात दहा हजार एकची बोली लावली.

"घरी चला," ती म्हणाली. "पैसे द्यायचेत."

घरी आल्यावर तिनं गिटार ओट्यावर ठेवली, कोयता घेतला आणि मी "अगं, अगं" म्हणेपर्यंत हिरामणच्या लांबीवर घाव घातला. दोन पावसाळे टिकणारी लांबी चौथ्या घावात निघाली. तिनं कापूस उपसला, गिटार उलटी केली आणि गदागदा हलवली. आतून रबर लावलेल्या नोटांच्या सुरळ्या बाहेर पडायला लागल्या. ओट्यावर पडल्या, जमिनीवर पडल्या, एक घरंगळत फ्रिजखाली गेली.

मी पायापाशी आलेली एक सुरळी उचलली.

"हे काय?"

"पेटीचे," विनिता म्हणाली. "सहा वर्षं टाकतेय. साड्यांना फॉल-बिडिंग करते त्याचे. पेटीला अजून पाचेक हजार कमी होते."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गिटारला आणखी काहीतरी बसवलं असतं."

मिक्सरशेजारी पक्कड ठेवलेली होती. मी तिच्याकडे बघितलं. मग विचारलं, "पण गिटारमध्येच का?"

"कपाट प्राप्ती उघडते. डबे तुम्ही उघडता. बाबाजी तर आपल्या गादीखालचं वर्तमानपत्रसुद्धा काढून वाचतात." ती वाकून फ्रिजखालची सुरळी काढत म्हणाली, "ज्याला कुणीच कधी हात लावत नाही, असं या घरात एवढं एकच होतं."

हे ती टोमणा म्हणून बोलली असती तर बरं झालं असतं. ती सहज बोलली. मला ते फार लागलं. पण खोडून काढायला माझ्याकडे दीड गाण्याशिवाय काहीच नव्हतं, आणि ते अर्धं गाणंही मला आता आठवत नव्हतं.

मग मीही सांगून टाकलं. अलिबागचं दुकान, सोळा हजार, सगळं. ती नोटा हातात धरून तशीच खाली बसली.

"म्हणजे तुम्ही पेटी आणायला गिटार विकत होता," ती सावकाश म्हणाली, "आणि गिटार विकू नये म्हणून मी पेटीचे पैसे लावून आले."

"हो."

"मग आता आपल्याकडे काय आहे हो?"

मी विचार केला. "गिटार. आणि पुढल्या वर्षीचा मान."

ती उठली, तोंडावर पाणी मारलं, आणि बोललेले दहा हजार एक देवळात नेऊन देऊन आली. देवीला शब्द दिला होता. परत आली तेव्हा तिच्या हातात उरलेल्या काहीशे रुपयांची एक सुरळी होती आणि ती कुठे ठेवावी हे तिला सुचत नव्हतं.

तीनच्या सुमाराला मावशीला घेऊन अल्पेश आला. मला त्याच्याकडे बघवेना. गिटारच्या दोन्ही भोकांच्या कडा कोयत्यानं फाटल्या होत्या, निळा रंग उडून खालचं जुनं लाकूड दिसत होतं, माळेतला झेंडू अजून मानेला चिकटलेला होता. त्यानं ती हातात घेऊन उलटीसुलटी केली. "काका," तो हळूच म्हणाला, "एक नंबर! असला लूक यायला पोरं पैसे देऊन गिटारी घासून घेतात. आणि हा नंबर! हा कुठून केला?"

मग तो आमच्या हॉलमध्ये वेताच्या मोड्यावर बसला, बरोबर आणलेला छोटा स्पीकर जोडला आणि वाजवायला लागला.

तो आवाज कसा होता ते मला सांगता येणार नाही. भरलेला, मोकळा, पोटातून आलेला. सोनूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या हात जोडून बसल्या. त्यांना वाटलं आरती आहे. विनिता ओल्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि शेवटपर्यंत हलली नाही. त्यानं थांबवल्यावर म्हणाली, "अय्या, वाजते की हो ही!"

मला वाईट वाटलं. बावीस वर्षं गिटार माझ्या घरात होती आणि तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पण त्याच वेळी हेही कळलं की आता ती माझ्याकडे ठेवण्यात काही अर्थ नाही.

अल्पेशनं अठरा हजार मोजून दिले. जाताना त्यानं गिटारचं एक बटण पिळून काढलं. "हे मिक्सरचं आहे ना? मी दुसरं टाकीन. काकी, हे ठेवा." विनितानं ते बटण पदरानं पुसलं, आत जाऊन मिक्सरला बसवलं आणि पक्कड माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी पेटी आली. दत्तजयंतीला मंडळाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांना सूर समजत नाहीत असं बाबाजींचं म्हणणं आहे, आणि या एका बाबतीत मी त्यांच्याशी सहमत आहे. पेटी आता गिटारच्याच कोपऱ्यात असते. संध्याकाळी विनिता तासभर वाजवते. मी समोर बसतो.

परवा वाजवता वाजवता तिनं मध्येच भाता थांबवला.

"अहो, एक विचारायचं राहिलं. बाबाजींना काय करायची होती हो गिटार? पाचशे-हजारात सुटली असती. साडेनऊ हजारांपर्यंत का चढले ते?"

मी त्यावर एक शब्दही बोललो नाही.

विनिता माझ्याकडे बघत राहिली. ते न बोलणं तिला नीट ऐकू गेलं असावं, कारण बराच वेळ तिनंही काही विचारलं नाही. मग भाता पुन्हा हलायला लागला, नेहमीपेक्षा जरा जोरात.

काल सकाळी मला कपाटामागची माझी योगासनांची चटई जागेवरून सरकलेली दिसली. तीन वर्षांपूर्वी घेतलेली, गुंडाळी करून रबर लावलेली. गुंडाळी थोडी जाड वाटली. मी तिला हात लावला नाही. तसा मी तिला कधीच लावत नाही.